मुलगा कोयता का बाळगतो, आणि ते वेळेत कसं ओळखायचं

२०२२ च्या अखेरीस 'कोयता गँग' हा शब्द पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोजचा झाला. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात त्यावर चर्चा झाली, पुढे पोलिसांनी विक्रेत्यांना खरेदीदारांची नोंद ठेवायला सांगितलं. पण कोयता ऊस तोडायला लागतो, शहाळं सोलायला लागतो, फांद्या छाटायला लागतो. तो बाजारातून नाहीसा होणार नाही. म्हणून इथे हत्यार कुठून आलं यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ते जवळ असावंसं का वाटलं, यावर भर दिला आहे. हे टिपण शिक्षक, वस्तीतले कार्यकर्ते, मंडळांचे पदाधिकारी आणि पालक यांच्यासाठी आहे. उदाहरणं पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांना धरून आहेत. इतर शहरांत तपशील बदलतील, पद्धत फारशी बदलणार नाही.

कशासाठी ठेवलंस, असं मुलांना विचारलं की देशोदेशीच्या पाहण्यांमध्ये सगळ्यात जास्त येणारं उत्तर एकच असतं: स्वतःला वाचवायला. वट, पैसा, रील हे सगळं त्यानंतर. पण आपल्याकडे मोठ्या माणसांची पहिली प्रतिक्रिया दटावण्याची असते. आधीच घाबरलेल्या मुलाला आणखी घाबरवलं की तो हत्यार सोडत नाही, फक्त ते ठेवायची जागा बदलतो. खालची प्रत्येक पायरी हे लक्षात ठेवून मांडली आहे.

यादी हातात घेण्याआधी

जोखमीच्या खुणा म्हणजे गुन्हेगार ओळखायची चाळणी नव्हे. गरिबी, झोपडपट्टी, जात, एकटी आई यांतलं काहीही 'हा मुलगा हत्यार बाळगेल' असं सांगत नाही. एकाच गल्लीतल्या, एकसारख्या घरांतल्या शंभर मुलांपैकी बहुसंख्य मुलं कधीच हत्याराला हात लावत नाहीत. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मावरून गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ साली कागदावरून गेला. पारधी वस्तीतल्या पोराला विचारा, तो खरंच गेला का ते. त्यामुळे यादी करताना मुलाच्या आडनावाशी आणि पत्त्याशी आपल्याला काही घेणं नाही. त्याच्या आयुष्यात अलीकडे काय बदललं, तेवढंच बघायचं.

तीन थरांत मांडा

गुण देऊन बेरीज करू नका. दहा खुणा जुन्या असतील आणि मुलगा शांत असेल, तर घाई नाही. दोनच खुणा असतील पण दोन्ही या आठवड्यातल्या, तर आजच बोलावं लागेल. म्हणून वहीच्या एका पानावर तीन आडवे भाग करा.

वरचा भाग जुन्या गोष्टींचा: घरात मारहाण पाहिलेली किंवा सोसलेली, वडील वा भाऊ तुरुंगात, लहानपणापासून अभ्यासात मागे, लक्ष न टिकणं, वाचताना अडखळणं आणि त्यावरून वर्गात झालेली चेष्टा. या गोष्टी आज बदलता येत नाहीत. मुलाला आधार किती लागेल, एवढंच त्या सांगतात.

मधला भाग गेल्या सहा महिन्यांचा, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. शाळा सुटणं ही यातली सर्वांत जड खूण. मुलगा ढकलत वर येतो, आठवी-नववीत नापास होतो, आणि जून-जुलैत त्याचा दिवस रिकामा होतो. शाळा एकदम सुटत नसते. हजेरीपट बघा: मधल्या सुट्टीनंतर गायब होणं, ठरावीक वारी न येणं, पहिल्या तासाला सतत उशीर. ठरावीक वारी गैरहजर असेल तर त्या दिवशी रस्त्यात कुणीतरी भेटत असण्याची शक्यता असते, म्हणजे तो कंटाळा करत नसून कुणाला तरी चुकवत असतो. दुसरी खूण म्हणजे संगत. वयाने पाच-सात वर्षं मोठ्या पोरांच्या टोळक्यात तो एकटाच लहान असेल, तर तो तिथे कशासाठी आहे हे विचारायला हवं. तिसरी खूण नशेची. गांजापेक्षा काळजी करायची ती झोपेच्या गोळ्यांची. मराठवाड्यात त्यांना 'बटन' म्हणतात. त्यांनी भीती बधिर होते, आणि भीती बधिर झालेला मुलगा एरवी जिथून पळाला असता तिथे उभा राहतो. लहान मुलांत पंक्चरचं सोल्यूशन आणि व्हाइटनर. आणि चौथी खूण म्हणजे निरीक्षणगृहातून (गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना ठेवतात तिथून) नुकतं परत येणं. तिथे झालेल्या ओळखी बाहेर आल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दारात येतात.

खालचा भाग या आठवड्याचा. कुणी मारलं का? जखम आहे का? भाऊ किंवा मित्र मार खाऊन आलाय का? नेहमीचा रस्ता सोडून तो लांबून जायला लागलाय का? इन्स्टाग्रामवर कुणाशी वाजलंय का? ज्याच्यावर वार झालाय किंवा ज्याला जाहीरपणे मारलंय, तो पुढच्या काही आठवड्यांत स्वतः हत्यार उचलण्याची शक्यता वाढते. आज ज्याला मारलं तोच उद्या मारणारा निघतो, हे या विषयात पुन्हा पुन्हा दिसतं. बातमीत 'रागाने बघितल्याच्या कारणावरून' असं वाचून आपण हसतो. त्या 'खुन्नस'च्या मागे बहुतेकदा आधीचा एक अपमान असतो आणि तो आपल्याला माहीत नसतो.

वापरायचा नियम साधा ठेवा. खालच्या भागात दोन खुणा असतील, किंवा तिथे एक आणि मधल्या भागात दोन, तर २४ तासांत मुलाशी बोला. खालचा भाग रिकामा, मधला भरलेला असेल तर आठवडाभरात. फक्त वरचा भाग भरलेला असेल तर ही यादी बाजूला ठेवा आणि त्याला नेहमीची मदत मिळतेय का ते बघा.

मुलींना विसरू नका. त्या क्वचित वापरतात, पण त्यांची झडती कमी होते म्हणून त्यांच्याकडे ठेवायला दिलं जातं, बहुतेकदा मित्राकडून.

"हे जरा ठेव तुझ्याकडे"

भीतीखालोखाल दुसरा रस्ता उपकाराचा, आणि तो बाहेरून प्रेमासारखा दिसतो. टपरीवरचा एखादा 'भाई' आधी गाडीत पेट्रोल टाकून देतो, बिर्याणी खाऊ घालतो, मोबाइलचा हप्ता भरतो. मग वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांच्या रांगेत मुलाचा फोटो येतो. फ्लेक्स वाचायची सवय लावून घ्या. वस्तीत कोण कुणाच्या बाजूला सरकलंय, हे त्यावर पोलिसांच्या आधी दिसतं. तलवारीने केक कापल्याचा व्हिडिओ आला की त्यात कापणाऱ्याकडे सगळे बघतात. तुम्ही मागे टाळ्या वाजवणाऱ्या लहान पोरांकडे बघा. शेवटी एक दिवस भाई कापडात गुंडाळलेली वस्तू हातात देतो आणि म्हणतो, दोन दिवस ठेव.

हे तो मुद्दाम करतो. सज्ञान माणसाकडे हत्यार सापडलं तर त्याला अटक, मुलाकडे सापडलं तर बाल न्याय मंडळ, असा त्याचा हिशेब असतो. अशा मुलाला 'कोयता का ठेवलास' विचारून उपयोग नाही, कारण तो त्याचा नाहीच. त्याला विचारायचं ते हे: परत कधी द्यायचाय, आणि नाही म्हटलं तर काय होईल? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून धोका किती जवळ आहे ते कळतं.

बोलायचं कसं

जागा आधी ठरवा. ऑफिसात नको, आईसमोर नको, मित्रांसमोर तर अजिबात नको. शेजारी-शेजारी चालत, पारावर, किंवा चहा घेताना. समोरासमोर बसवलं की ती चौकशी होते. २०-२५ मिनिटं पुरतात. त्याहून लांबलं की भाषण सुरू होतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगा: "तुझं बोलणं माझ्याकडे राहील. पण कुणाचा जीव जाणार असेल, तुझा किंवा दुसऱ्याचा, तर मी गप्प बसणार नाही. आणि तेव्हाही आधी तुला सांगेन." 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. ते मोडावं लागतं, आणि मोडलं की वस्तीतल्या सगळ्या मुलांसाठी तुमचा दरवाजा बंद होतो.

प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे. बाहेरून आत यायचं:

१. सध्या कुठल्या गल्लीतून जात नाहीस?
२. गेल्या महिन्यात कुणी अडवलं का? काय म्हणाले?
३. तुझ्या वयाची किती पोरं सोबत काहीतरी ठेवतात, असं तुला वाटतं?
४. तू कधी ठेवलंस का? तेव्हा नेमकं काय झालं होतं?
५. ते काढायची वेळ आली तर पुढे काय होईल, असं वाटतं?

तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. मुलं हा आकडा जवळजवळ नेहमी फुगवून सांगतात: 'सगळेच ठेवतात.' मग नावं न विचारता बोटांवर मोजायला लावा. तो तीन-चारवर थांबतो. सगळे ठेवतात म्हणून मीही, हा आधार तिथे त्याचा त्यालाच हललेला दिसतो. तुम्ही काही बोलायची गरज नसते, बोललात तर उलट तो वाद घालेल.

चौथ्या प्रश्नानंतर गप्प राहा. दहा सेकंदांची शांतता मोठ्यांनाच सहन होत नाही.

पाचव्या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर येतं: मांडीवर किंवा हातावर मारायचं, मरत नाही. ही समजूत जीवघेणी आहे. मांडीत मोठी रक्तवाहिनी (रोहिणी) असते. ती कापली गेली तर माणूस काही मिनिटांत जातो, रुग्णवाहिका यायच्या आत. हे एकदाच, साध्या शब्दांत सांगा. रक्ताचे फोटो दाखवू नका. हत्यारांचे आणि जखमांचे फोटो बघून घाबरलेल्या मुलाला वाटतं, बाहेर सगळीकडे हेच आहे, म्हणजे आपल्याकडेही असायला हवं.

भीतीचं काहीतरी करा

इथे बहुतेक जण चुकतात. मुलगा बोलतो, रडतो, कोयता देऊन टाकतो, सगळ्यांना बरं वाटतं. पण त्याला अडवणारी चार पोरं त्याच कोपऱ्यावर उभी असतात, आणि आठवड्याने त्याच्याकडे नवा कोयता असतो. म्हणून हत्यार काढून घ्यायच्या आधी, किमान त्याच दिवशी, त्याच्या भीतीवर ठोस उपाय लागतो.

कागद घेऊन त्याचा दिवस काढा: किती वाजता निघतो, कुठून जातो, कुठे थांबतो, कुणाबरोबर परततो. धोक्याच्या जागा सहसा दोन-तीनच असतात. मग एकेक जागेचं उत्तर शोधा. क्लासची बॅच बदलता येते. संध्याकाळच्या तालमीतून परत येताना एक मोठा माणूस दोन आठवडे बरोबर चालू शकतो. व्यायामशाळा, कबड्डी, ढोलपथक यांचा फायदा आहेच, पण राडा सरावात होत नाही, सराव संपल्यावर घरी जाईपर्यंतच्या अर्ध्या तासात होतो. त्या अर्ध्या तासाची जबाबदारी कुणीच घेत नाही.

भांडण ताजं असेल तर गावी मामाकडे पाठवणं चालतं, पण पंधरा दिवस ते महिना, आणि परत आल्यावर काय, हे जाण्याआधी ठरलेलं असेल तरच. नुसतं पाठवलं तर समोरचे 'पळाला' म्हणतात, आणि तो परत येतो तो पळपुटेपणा पुसायला.

मिटवामिटवी करायची असेल तर मोठ्यांनी मोठ्यांशी करावी: दोन्हीकडच्या घरच्यांनी, दोन्ही मंडळांच्या जाणत्या माणसांनी. भाईच्या टपरीवर बसून मिटवलेलं भांडण मिटत नाही, फक्त भाईचा अधिकार वाढतो. मुलांना समोरासमोर आणून हात मिळवायला लावणं शेवटी. आधी केलं तर तो दोघांसाठीही अपमान ठरतो.

ऑनलाइन वाद असेल तर मोबाइल हिसकावू नका. धमकीचे स्क्रीनशॉट काढून घ्या, मग ग्रुप सोडायचा, समोरच्याला म्यूट करायचं, उत्तर द्यायचं नाही. आधी स्क्रीनशॉट आणि मग बाकीचं. उलट केलं तर पुढे दाखवायला हातात काही उरत नाही.

रिकामा दिवस भरायचा तर पर्याय प्रत्यक्ष हातात द्यावा लागतो. दहावीसाठी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापास मुलंही घेतात. एक पालक गेलेले किंवा तुरुंगात असलेले असतील तर बाल संगोपन योजनेखाली महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातून बालकल्याण समितीकडे जातो. भाईच्या पेट्रोलला आणि बिर्याणीला उत्तर द्यायचं तर घरात थोडे पैसे यावे लागतात, हे मान्य करायला आपल्याला जड जातं.

हत्यार सापडलं तर

घरात सापडलं आणि ते वापरलं गेल्याची काही शंका नसेल, तर ते मुलाला किंवा त्याच्या मित्राला परत देऊ नका आणि नदीत वा कचऱ्यात टाकू नका. ते कुणाचंही असू शकतं. आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाशी बोला. मुलांना ही मदत मोफत मिळते, १५१०० या क्रमांकावर. मग पोलीस ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याशी. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी कायद्याने असावाच लागतो.

ते वापरलं गेल्याची शंका असेल, डाग असेल किंवा काही ऐकलं असेल, तर धुवू नका, हलवू नका. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि घाबरून कोयता घासून ठेवणारी आई त्यात अडकू शकते. गावठी कट्टा असेल तर कुणीही हात लावू नये, खोली रिकामी करावी आणि थेट ११२ लावावा.

शाळेत सापडलं तर वर्गात नाट्य नको. दोन मोठी माणसं, एक शांत खोली. मुलाला दप्तर टेबलावर ठेवून दोन पावलं मागे यायला सांगा, हिसकावू नका. वस्तू कुलपात ठेवा, वेळ आणि हजर असलेल्यांची नावं लिहून ठेवा, पालक आणि बाल कल्याण पोलीस अधिकारी दोघांनाही कळवा. अधिकाऱ्याने साध्या कपड्यांत यावं असा नियम आहे. शाळेच्या दारात पोलीस गाडी उभी राहू नये म्हणून फोनवरच त्याची आठवण करून द्या. त्याच दिवशी दाखला हातात देणारी शाळा स्वतःची सुटका करून घेते आणि मुलाला पूर्णवेळ नाक्यावर पाठवते.

"अठराच्या आत आहेस, काही होत नाही"

भाई हे वाक्य मुलांना पाठ करून देतो. त्याला उत्तर द्यायचं तर कायदा नेमका माहीत हवा, अतिशयोक्ती करून चालत नाही. 'जन्मभर जेलमध्ये सडशील' म्हटलं की मुलगा मनात हसतो, कारण ते खोटं आहे हे त्याला माहीत असतं.

शस्त्र अधिनियम, १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरगुती वा शेतीच्या कामासाठी बनवलेली सोडून. कोयता शेतीचं अवजार म्हणून सुटेल, असं त्यावरून वाटतं. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात, आणि ते मोडलं की कलम १३५ लागतं. रात्री अकरा वाजता शर्टात कोयता घालून फिरणाऱ्याला शेतीचं कारण सांगता येत नाही.

मुलगा १८ च्या आत असेल तर बाल न्याय अधिनियम, २०१५ लागतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. फक्त कोयता बाळगणं हा कायद्याच्या वर्गवारीत किरकोळ गुन्हा ठरतो, आणि त्यात समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षा (चांगल्या वागणुकीच्या अटीवर देखरेखीखाली सोडणं) असे आदेश होऊ शकतात. इथवर भाई खरं बोलतोय.

पुढचं तो सांगत नाही. मुलाला १६ पूर्ण झाली असतील आणि खुनासारखा जघन्य गुन्हा घडला, तर कलम १५ खाली मंडळ त्याची प्राथमिक छाननी करतं, आणि त्याच्यावर सज्ञान म्हणून खटला चालवण्याचा रस्ता उघडतो. हातात कोयता असला की बाळगणं आणि खून यांत एका क्षणाचं अंतर असतं. आणि मुलाला हत्यार ठेवायला देणारा स्वतः कलम ८३ मध्ये सापडतो: बेकायदा कामासाठी मुलाचा वापर केल्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड. न्याय संहितेचं कलम ९५ वेगळं: मुलाकडून गुन्हा करवून घेणाऱ्याला किमान ३, कमाल १० वर्षं. हे दोन आकडे मुलाला सांगा. भाई आपल्याला वाचवत नसून आपल्या आड लपतोय, हे समजायला ते पुरे असतात.

गटात काम करताना

शिकागोत शाळकरी मुलांच्या एका कार्यक्रमात पहिल्याच दिवशी एक खेळ घेतात. जोड्या करायच्या, एकाच्या मुठीत चेंडू, दुसऱ्याने ३० सेकंदांत तो मिळवायचा. बहुतेक मुलं ओढाओढी करतात, बोटं पिरगाळतात. वेळ संपल्यावर विचारायचं: मागितला का नाहीस? आणि मुठीवाल्याला विचारायचं: मागितला असता तर दिला असतास? बहुतेक जण म्हणतात, दिला असता. राग येण्याआधीच्या क्षणात समोरच्याबद्दल आपण काय गृहीत धरतो, हे यातून मुलांना अंगाने कळतं. त्या कार्यक्रमाची दोनदा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांवर तपासणी झाली, आणि तो चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. 'चालू असताना' हे शब्द महत्त्वाचे. तीन दिवसांचं शिबिर घेऊन फोटो काढण्याने हे होत नाही. आठवड्याला एक तास, पूर्ण शालेय वर्षभर, असा हिशेब धरा.

चेंडू नसेल तर लिंबू चालतं. गट १० ते १२ जणांचा ठेवा. फक्त 'बिघडलेली' पोरं एकत्र बसवू नका, ती एकमेकांकडून शिकतात, आणि भराभर शिकतात. एका टोळक्यातली दोनपेक्षा जास्त मुलं एका गटात नकोत.

उलटे पडणारे उपाय

जेल दाखवायला नेणं, कैद्यांकडून दमदाटी करवणं हा अमेरिकेतून आलेला लाडका प्रकार. त्याच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा असं दिसलं की जी मुलं नेली नाहीत त्यांच्यापेक्षा नेलेल्या मुलांनी पुढे जास्त गुन्हे केले. आपल्याकडचा प्रकार म्हणजे धिंड. ज्या चौकात दहशत माजवली त्याच चौकात हात बांधून फिरवायचं, व्हिडिओ व्हायरल करायचा. सज्ञान आरोपीच्या बाबतीतही हे योग्य नाही. मुलाच्या बाबतीत तर त्याची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. शिवाय तो व्हिडिओ महिन्याभरात मागे गाणं लावून रील म्हणून फिरतो, आणि ज्याला चौकाबाहेर कुणी ओळखत नव्हतं तो 'नाव' होतो.

स्कॉटलंडमध्ये उलटा रस्ता धरला गेला. ग्लासगो शहर ज्या भागात येतं तिथल्या पोलिसांनी २००५ साली हिंसा कमी करण्यासाठी वेगळा विभाग काढला आणि चाकूहल्ल्यांकडे साथीच्या रोगासारखं बघायला सुरुवात केली: कुठे फैलावतंय, कुणाकडून कुणाकडे जातंय, साखळी कुठे तोडता येईल. त्यातली एक गोष्ट आपल्याला उद्यापासून करता येईल. जखमी पोराला ससूनमध्ये किंवा जवळच्या पालिका रुग्णालयात दाखल केलं की ४८ तासांच्या आत त्याच्या ओळखीचा एक विश्वासू मोठा माणूस खाटेजवळ असावा. तिथे भेटायला येणारे मित्रच बदल्याची फिल्डिंग लावत असतात. आई-वडील बिलाच्या आणि औषधांच्या धावपळीत असतात, त्यांना ते ऐकू येत नाही.

वार झालाच तर

१०८ लावा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने, अंगाचं वजन टाकून, न सोडता दाबा. रक्त थांबलं का ते बघायला कापड उचलू नका. भिजलं तर वर दुसरं ठेवा. घुसलेलं हत्यार काढू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. पाणी पाजू नका. हळद, चहापूड, चुना जखमेत भरू नका. वस्तीतल्या प्रत्येक मंडळात हे करता येणारी चार माणसं असावीत, आणि दहीहंडी, विसर्जन मिरवणूक, शिवजयंती, ३१ डिसेंबर या दिवसांना ती जागेवर असावीत. जुन्या खुन्नस याच दिवसांत बाहेर पडतात. म्हणून मुलांशी बोलायचं ते या तारखांच्या दोन आठवडे आधी.

नोंद आणि पाठपुरावा

पहिल्या बोलण्यानंतर ४८ तासांत एक भेट, मग सातव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी. प्रत्येक वेळी तेच दोन प्रश्न: कुठल्या गल्लीतून जात नाहीस, आणि या आठवड्यात कुणी काही म्हणालं का? न जायच्या गल्ल्या कमी होत असतील तर काम बरोबर चाललंय. मुलगा गोड बोलतोय पण गल्ल्या तेवढ्याच आहेत, तर दिवसाच्या नकाशावर परत या. तीस दिवसांनंतरही झोप नसेल, सारखा दचकत असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ किंवा सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग. मूल बेवारस किंवा घरातच धोक्यात असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८.

वहीत पूर्ण नाव लिहू नका, खूण लिहा. व्हॉट्सअॅपवर 'जोखमीच्या मुलांची' यादी कधीही टाकू नका. ती दोन तासांत भाईकडे पोहोचते, आणि मग ज्याने तुमच्याशी बोलायची हिंमत केली त्याला खरंच हत्यार लागतं. कार्यकर्ता किंवा वर्गशिक्षक बदलणार असेल तर वही द्यायच्या आधी नव्या माणसाला मुलाकडे घेऊन जा, तिघं मिळून एकदा चहा प्या, आणि पुढची भेट कधी हे मुलासमोरच ठरवा.